अकराव्या झाडातला बोळा

नाहरजान, जि. गोलाघाट
१२ नोव्हेंबर २०२४

कनक,

फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. कामाचं पत्र आहे.

तळ्याकाठचं तुझं अगरूचं झाड आता जाणार. शेंड्याची पानं पावसातच पिवळी पडली, आता निम्मा माथा उघडा झालाय. खोडाला भोकं आहेत आणि बुंध्याशी रोज मूठभर भुसा पडतो. माझ्याकडे काम करणारी भानू तो इमानेइतबारे झाडून चुलीत घालत होती. मी तिला विचारलं, "अगं, हा भुसा कुठून येतो, कधी मान वर करून पाहिलंस?" तर म्हणते, "तुम्ही झाडायला सांगितलं, बघायला कुठे सांगितलं?" अशा माणसांमध्ये मी राहते.

गेल्या आठवड्यात होजाईहून मफीज नावाचा एक माणूस आला. व्यापाऱ्यांसाठी झाडं हेरत गावोगाव फिरतो. फाटकाबाहेरूनच ओरडला, "बाइदेव, तळ्याकडचं झाड द्यायचं का?" मी म्हटलं, "बाइदेव म्हणायला मी तुझी थोरली बहीण नाही, आणि फाटकाला कडी आहे ती वाजवायला आहे." त्याने हसून कडी वाजवली आणि पुन्हा तेच विचारलं, बाइदेवसकट.

झाडाभोवती तो दोन फेऱ्या फिरला. भुसा हातावर चोळून हुंगला, कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकून कान लावला आणि मग तिथेच उकिडवा बसला. म्हणाला, "यात काळं आहे. पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला जाईल असलं काळं. पण झाड मरतंय. माघ बिहूच्या सणापर्यंत कापलं तर ठीक, नाहीतर वाळवी खाईल, मग ना तुमचं ना आमचं."

मी सांगितलं की झाड माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. कनकेश्वरी चेतिया, तुमच्याच होजाईत असते. तर तो ताडकन उठून उभा राहिला. "वखारीतल्या कनक बाइदेव? अहो, आमच्याकडे दोन व्यापारी भांडायला लागले की लाकडाचा तुकडा बाइदेवांच्या नाकाखाली धरतात. त्या बोलल्या की संपलं. मालकसुद्धा वर शब्द काढत नाहीत." मग माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाला, "पण त्या तर म्हणतात, त्यांना कोणी नाही."

त्याला चहा दिला. बिनसाखरेचा.

देउतांनी ती अकरा झाडं बापाच्या हौसेने तुझ्या जन्माच्या वर्षी तुझ्या नावाने लावली. दहा गेली, हे एक उरलं. ते कापायचं की उभ्याउभ्या मरू द्यायचं, हे तूच सांगायचंस. म्हणून विचारते आहे. एक ओळ लिही, नाहीतर मफीजकडे निरोप दे. तो दर पंधरवड्याला इकडे येतो.

हेमांगिनी चेतिया


नाहरजान
२९ नोव्हेंबर

कनक,

उत्तर नाही. पोस्टात जाऊन विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "आजी, आता पत्र कोण लिहितं? फोन करा." मी त्याला म्हटलं, "ज्यांचा फोन समोरचं माणूस उचलत नाही, ते पत्र लिहितात."

मफीज परवा पुन्हा आला. झाडावर हात ठेवून म्हणाला, "देवाची करणी बघा, आजारी झाडालाच सुगंध." आयुष्यभर मी हे असलं ऐकत आले. त्याला ओसरीवर बसवलं आणि नीट सांगितलं. अगरूचं झाड धडधाकट असतं तेव्हा आतून पांढरं, हलकं आणि बिनवासाचं असतं. खोडकिडा भोक पाडतो, त्या भोकातून बुरशी आत शिरते. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. मग ते स्वतःच्या पोटात औषध तयार करतं आणि जखमेभोवती काळा, चिकट रस भरून बुरशीची वाट अडवतं. ते औषध म्हणजे तुमचं अगर. लोक ते जाळून देवघरात धूर करतात. झाडाच्या दृष्टीने ते आजारपण असतं.

तो म्हणाला, "कनक बाइदेवही हेच सांगतात. फक्त त्या एवढ्या चिडत नाहीत."

चिडू नको तर काय करू? चौतीस वर्षं मी चहा संशोधन केंद्रात पानांवरच्या फोडांच्या बुरशीवर घालवली. ज्या झुडपांवर आम्ही तांब्याचं औषध कमी फवारलं, त्यांच्या नव्या पानांत तुरट द्रव्यं वाढलेली सापडली. झुडूप स्वतःच लढायला शिकत होतं. हे मी एकोणीसशे एक्याण्णव साली वह्यांत मांडलं. साहेबांनी ते स्वतःच्या नावाने वाचून दाखवलं आणि चहाच्या सुट्टीत मला म्हणाले, "मिस चेतिया, तुमचं अक्षर फार सुंदर आहे." कॉन्व्हेंटच्या नन्सनी अक्षर सुधारलं. हे ऐकल्यावर काय बोलायचं, ते मात्र कधी शिकवलं नाही.

तर मुद्दा झाडांचा. तुझी झाडं पांढरी निघाली याचं मला आजही वाईट वाटतं. गावात सगळ्यांच्या झाडांना कीड लागायची, लोक किडकं लाकूड आणून निरोगी झाडाला बांधायचे, आणि आई ओसरीवर पडल्या पडल्या कुरकुरायची, "दुसऱ्यांच्या झाडांना किडे लागतात, आमच्यांना तेवढी दृष्ट." ते आठवून हसू येतं आणि मग येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या वर्षांत रजेवर आले की मी तुझ्या झाडांवर कधीमधी तांब्याचं पाणी मारलं असेल. सवयीने. ज्या बाईचं आयुष्य फवारण्यात गेलं, तिला डाग दिसला की तिचा हात आपोआप पंपाकडे जातो. त्याचा किती परिणाम झाला असेल ते सांगता येत नाही.

माघ बिहूला दीड महिना उरला.

हेमांगिनी


नाहरजान
१७ डिसेंबर

कनक,

तुझा निरोप पोचला. मफीजने तो पाठ करून आणला होता आणि फाटकात उभं राहून म्हणून दाखवला: "झाड कापा. छातीच्या उंचीवरचा दीड हात लांबीचा तुकडा न फोडता मला पाठवा. त्याला छिन्नी लावायची नाही. बाकीचं त्या बाईंना ठेवू द्या."

त्या बाई म्हणजे मी.

रागवायचा हक्क मला नाही हे कळतं, तरी दोन दिवस मी रागावलेली होते. भानूने विचारलं, "जेवत का नाही?" मी सांगितलं, भात कच्चा आहे. भात कच्चा नव्हता.

मग ओसरीवर बसून विचार केला, की छातीच्या उंचीवरचाच का? किडा कुठेही भोक पाडतो, पार वर फांदीच्या खोबणीतही. तू वखारीत सत्तावीस वर्षं लाकूड निवडलंस, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. मला कळलं. छातीची उंची म्हणजे माझ्या हाताची उंची. शिडी न घेता उभ्या बाईचा हात पोचेल तेवढी.

तुला हे कधीपासून माहीत आहे?

बरं. तांब्याच्या पाण्याचं मी लिहिलं ते खरं, पण पुरतं खरं नव्हतं. पाणी वरून ओघळून जातं, किड्याला त्याचं काही वाटत नाही. मी भोकं बुजवली. तारेचा आकडा आत घालून किडा टोचून मारायचा, मग रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा आत ठासायचा आणि वरून मेण व चिखल लावून साल चोळायची. त्र्याण्णव सालापासून पुढची साडेतीन वर्षं, दर रजेला. अकरा झाडं, सगळी मिळून साठ-सत्तर भोकं असतील. तू रोज सकाळी बुंध्याशी वाकून भुसा शोधायचीस. भुसा नसायचा, म्हणून वर बघायची नाहीस. वर बघितलं असतंस तर सालीवर मेणाचे ठिपके दिसले असते.

हे मी दुपारी करायचे. खांबांवरच्या आपल्या घराखाली तुझा माग चालू असायचा. धोट्याचा खटखट आवाज येत असेपर्यंत मी काम करायचे, तो थांबला की हात मागे घ्यायचे आणि सुपारीच्या झाडाकडे बघत उभी राहायचे. एकदा तू तळ्याकडे येऊन विचारलंस, "काय बघतेस एवढं?" मी म्हटलं, "सुपारी यंदा बरी धरली आहे." तू माझ्यासाठी चार सुपाऱ्या पाडून आणल्यास.

बोळ्यांना घरातलं काहीतरी जुनंपानं कापड आणि कापूस वापरला. लाकडात ते सापडलं तर दचकू नकोस, एवढ्यासाठी लिहिते.

हेमांगिनी


नाहरजान
५ जानेवारी २०२५

कनक,

मफीज मागच्या खेपेला आला तेव्हा तुझा निरोप नव्हता. "पत्र दिलं का?" विचारलं तर म्हणाला, "वाचलं त्यांनी. मग लाकूड निवडायला बसल्या." आणखी काही? "माझ्याकडून विडी मागून घेतली. एरवी ओढत नाहीत."

शिलाँगच्या शाळेत दर शुक्रवारी कॅथलिक मुली पापं सांगायला रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्ही बाकीच्या मैदानातून त्यांची टिंगल करायचो. त्यांच्यातली आयरीन फार हुशार. ती म्हणायची, मोठं पाप मधोमध घालायचं. आधी दोन बारीक, नंतर दोन बारीक, फादर तोवर पेंगत असतात. मी तुला गेली तीन पत्रं आयरीनसारखी लिहिली. तू पेंगत नव्हतीस.

तर मोठं पाप.

मला ठाऊक होतं. सवय नव्हती, चूक नव्हती. बुरशी आत गेली की झाड काय करतं आणि बुरशी आत जाऊ दिली नाही की झाड काय करत नाही, हे अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वह्यांत ते लिहिलेलं होतं. तुझी झाडं पांढरी राहावीत म्हणूनच मी तो आकडा घेऊन उभी राहायचे.

देउतांनी मला शिलाँगला घातलं तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तू झालीस त्या वर्षी त्यांनी रोपं आणली आणि आईला म्हणाले, "थोरलीला शाळा दिली, धाकटीला झाडं. दोघींचं सारखं." मी सुट्टीवर आले होते, रोपांना पाणी मी घातलं आहे. माझा वाटा मी आठव्या वर्षापासून खात होते: गणवेश, बूट, इंग्रजी, पुढे गुवाहाटी, पुढे नोकरी. तुझा वाटा अंगणात उभा होता आणि अठ्ठावीस वर्षं फक्त वाढत होता. तू गावच्या शाळेत शिकलीस आणि त्यावर एकदाही बोलली नाहीस.

टंकेश्वर खुरांनी तुला नाक आहे हे ओळखलं. सगळ्या गावाचा काका, गावातली अगरूची सगळी झाडं पारखणारा म्हातारा, कोणाला जवळ फिरकू द्यायचा नाही, तो तुला डोळे बांधून लाकडाचे तुकडे हुंगायला द्यायचा. आईला हे पटायचं नाही. तू म्हणायचीस, "झाडं तयार झाली की होजाईला स्वतःची भट्टी लावीन. छोटी. दोन हंड्यांची. तेल मी काढीन, बाइदेव, आणि पहिली कुपी तुला." मी हसायचे. मला वाटलं, पोर बोलते आहे.

मग त्र्याण्णव साली आईची डावी बाजू गेली. वर्ष-दोन वर्षांत झाडं तयार होणार होती. तू भट्टी लावायला गेलीस तर आईजवळ कोण? मला राजीनामा द्यावा लागला असता. साहेब माझं काम स्वतःच्या नावावर खपवत होते, तरी ती खुर्ची, ते सूक्ष्मदर्शक, ती "मिस चेतिया" मला हवी होती. तू घरी राहायला हवी होतीस, एवढं सोपं होतं. तुला मी थांब म्हणाले असते तर तू थांबलीही असतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मागायला गेलं की उपकार होतो. मला उपकार नको होता.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत खुरा होजाईच्या माणसांना घेऊन आले. तू पहाटे आंघोळ करून नवी मेखला नेसलीस. पहिल्या झाडाला कुऱ्हाड लागली, ढलपी उडाली. पांढरी. दुसऱ्याला लागली. पांढरी. पाचव्यानंतर त्या माणसांनी कुऱ्हाड टेकवली. खुरा तुझ्याकडे बघेनात. म्हणाले, "पोरी, तुझी झाडं फार तब्येतीची आहेत गं." एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर बोलतात तसा आवाज होता.

तू ढलपी उचलून हुंगलीस. बराच वेळ. मग माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, "बाइदेव, तू माझ्या झाडांना काही केलंस का?"

मी म्हणाले, "मी? मला चहातून डोकं वर काढायला वेळ आहे का?"

आठवड्याने तू गेलीस. दुसऱ्याच्या वखारीत लाकूड निवडायला, रोजावर. पुढे सहा वर्षं आईला रोजावरच्या बाईने सांभाळलं आणि राजीनामा मला द्यावा लागला नाही. रोजावर बाई मिळते हे आधीही सुचलं असतं. आई गेली तेव्हा तू आलीस, मागच्या रांगेत बसलीस, आणि तुझ्यासाठी मी तांबूलाचं ताट पुढे केलं तर ते न घेता उठलीस. तेव्हा मी नातेवाइकांना म्हणाले होते, "किती हा अहंकार."

कनक, मागच्या पत्रांत मी तुझ्याकडून झाडाबद्दल उत्तर मागत होते. आता झाडाबद्दल काही विचारायचं उरलं नाही.

बाइदेव


नाहरजान
२० जानेवारी

कनक,

बिहू झाला. शेकोटी शेजारच्यांची बघितली, तिळाचे लाडू भानूने केले, दगडासारखे झाले. सतराला मफीज दोन करवतवाले घेऊन आला.

झाड तळ्याच्या बाजूला पडलं नाही, आडवं वाटेवर पडलं. मजा बघायला सगळं गाव जमलं होतं. मफीजने दीड हाताचं माप घेतलं, खूण केली आणि करवत लावली. करवत अर्ध्यावर गेली तेव्हा वास सुटला. तुला सांगायला नको. भानू एरवी धूप लावला तरी शिंकते, ती तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. काप काळा होता, मधोमध तर शाईसारखा, कडेला तपकिरी रेघा. मफीज म्हणाला, "बाइदेव, मी जन्मात असं बघितलेलं नाही."

मला कारण लगेच कळलं. बाकीची दहा झाडं तू गेलीस त्याच वसंतात आईने सरपणाच्या भावात देऊन टाकली. हे राहिलं, कारण याला गाय बांधलेली होती. नंतर माझ्या हातांना तिथे काही काम उरलं नाही. बोळा मात्र आतच होता. आकड्याने मी किडा मारला होता, पण तो आकडा खोल जाऊन नवी जखम करून आला होता, आणि जी बुरशी आधीच शिरलेली होती ती मेणाखाली आत कोंडली गेली. बाहेर ठेवायची ती आत ठेवून मी दार लावलं. झाड इतकी वर्षं त्या एका जागेभोवती औषध रचत बसलं.

आणि त्या कापावर, काळ्याच्या मधोमध, बोळा होता. करवत त्याच्या कडेवरून गेली होती. मफीजने बोट लावून बघितलं. "कापड आहे. सुई द्या, ओढून काढतो. आत कापड असलं की भाव पडतो."

मी म्हटलं, "हात काढ."

"अहो, चिंधी आहे."

"हात काढ म्हटलं ना. तुझ्या कनक बाइदेवचा हुकूम आहे, छिन्नी लावायची नाही."

"सुई म्हणजे छिन्नी नाही, बाइदेव."

"मला शिकवू नकोस."

तो बाजूला झाला. मी चष्मा पुसून वाकून बघितलं. कापड तपकिरी झालंय, पण कडेला दोन बोटं लाल सूत आहे. अजून लाल.

मागे मी लिहिलं होतं, घरातलं काहीतरी जुनंपानं. तेवढंही खोटं लिहिल्याशिवाय राहवलं नाही बघ. पंचाण्णवचा बहाग बिहू, एप्रिलातला. सकाळी तू स्वतः विणलेला गामोसा, मानाचा पांढरा पंचा, दोन्ही हातांवर धरून, वाकून मला दिलास. लाल काठात तू नेहमीच्या फुलांऐवजी चहाची पानं विणली होतीस, दोन पानं आणि एक कळी, माझ्यासाठी. तुला हे नक्षीकाम कोणी शिकवलं असं मी विचारलं, तर म्हणालीस, "तुझ्या कचेरीच्या पाकिटावर छापलेलं असतं ते बघून." दुपारी मी तळ्याकडे गेले. कापूस संपला, दोन भोकं राहिली होती. गामोसा खांद्यावर होता. नवं सूत घट्ट बसतं, असा विचार मी केला. कनक, दुसरा कुठलाच विचार केला नाही. फाडताना काठ फाटेना, म्हणून दात लावला.

पुढच्या वर्षी तू विचारलंस, गामोसा वापरत नाहीस का? मी सांगितलं, साहेबांना आवडला, त्यांना दिला. तू खूश झालीस. म्हणालीस, "साहेबांना? खरंच?" आणि दुसरा विणायला घेतलास. तो पुरा झाला नाही.

तुकडा जसाचा तसा गोणपाटात शिवून मफीजबरोबर पाठवते आहे. बाकीचं लाकूडही त्याच्याच गाडीत आहे. "त्या बाईंना ठेवू द्या" हे मी ऐकणार नाही. झाड तुझं, देउतांनी तुला दिलेलं. मी फक्त त्याच्या वासाने भरलेला भुसा ठेवला आहे, भानू झाडणार होती तेवढा.

माफी मागायला शाळेत एक ठरीव वाक्य होतं, इंग्रजीत, छान लयीचं. मला अजून पाठ आहे. ते तुला लिहायला हात धजत नाही.

बाइदेव


नाहरजान
१२ एप्रिल

कनक,

काल मफीज आला. गाडी फाटकाबाहेर ठेवून, कडी वाजवून. इतक्या दिवसांत शिकला. हातात तोच गोणपाट होता, वेगळ्या दोऱ्याने शिवलेला.

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. ह्यांना द्या म्हणाल्या."

"ह्यांना म्हणजे? नाव घेतलं का काही?"

"नाही." मग स्वतःहूनच, "त्या बाईंना असंही म्हणाल्या नाहीत."

"मग काय म्हणाली?"

"अहो सांगतो ना. म्हणाल्या, नाहरजानला द्या."

त्याला चहा दिला, साखर घालून. दोनदा विचारून घेतलं की तू बरी आहेस का, खोकला वगैरे. त्याने सांगितलं की बाकीचं लाकूड तू वखारीत न विकता स्वतःच्या खोलीत रचून ठेवलं आहेस. दोन हंडे सांगितले आहेस म्हणे, तांब्याचे. एवढ्या वयात भट्टी कोण लावतं, असं लोक विचारतात.

तो गेल्यावर शिवण उसवली. आत दीड हाताचा ओंडका नव्हता. त्यातून काढलेला एकच तुकडा होता, मुठीएवढा. पांढरं सगळं कोरून काढलेलं, नुसतं काळं ठेवलेलं, आणि असं साफ केलेलं की कुठे छिन्नीची खूण नाही. असं काम मी पाहिलेलं नाही. टंकेश्वर खुरांनाही जमलं नसतं. मी भांडंभर पाणी आणून त्यात तो सोडला. सरळ तळाला गेला.

मधोमध करंगळी जाईल एवढं भोक आहे. आरपार. रिकामं.

मी गोणपाट उलटा करून झटकला. मग पुन्हा झटकला. भानू म्हणाली, "काय शोधताय? लाकूड तर मिळालं की."

परवा बहाग बिहू. तुला यायला सांगत नाही. भोकातून पलीकडचं तळं दिसतं, एवढंच लिहायला बसले होते.

बाइदेव